दुसरा कोस आमच्या तुरीतून जातो: वावरात शिष्यत्व कसं जगायचं?

काळी_कसदार

जय ख्रिस्त, जय भीम, जय गुरुदेव, रामराम. ज्याला जे चालते ते घ्या.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. गावात आमच्यासकट मोजकीच घरं, उपासनेला तालुक्याला जावं लागते. शेती कोरडवाहू.

प्रश्न असा आहे. शेजारचा वावरवाला दरसाल वखरताना धुरा, म्हणजे आमच्या मधला बांध, कोरतो. यंदा एक तास (पिकाची एक ओळ), पुढच्या साली आणखी एक. लहानपणी त्या धुऱ्यावरून आमची बंडी जायची, आता बकरी गेली तरी तोल सांभाळून जाते. बाबा होते तोवर भांडण झालं नाही, कारण ते म्हणायचे, जाऊ दे.

आता त्याचं सोयाबीन सोंगून झालं, वावरात गंजी लागली आहे. पांदण (वावरात जायचा रस्ता) चिखलानं बंद. पाऊस पुन्हा सांगितला आहे. थ्रेशर न्यायला एकच वाट उरली, ती आमच्या वावरातून. आमचं सोयाबीन निघालं पण तूर उभी आहे, कमरेला लागते. वाट दिली की तेवढी तूर गेली. मागायला तो स्वतः आला नाही, पोराला पाठवलं.

आणि गेल्याच रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश होता बायबलातल्या मत्तय 5:41 वर. कोणी वेठीस धरून एक कोस नेलं तर त्याच्यासोबत दोन कोस जा. मीही मान डोलावून आलो. तो दुसरा कोस आमच्याच तुरीतून जाईल हे तेव्हा कुठं माहीत होतं!

बायको म्हणते देऊ नका. आई म्हणते देऊन टाक. उद्या सकाळी त्याला सांगायचं आहे. "क्षमा करा, प्रभू पाहून घेईल" एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू. तुम्ही रोजच्या जगण्यात हे कसं करता ते सांगा. कुठपर्यंत द्यायचं आणि कुठं थांबायचं?

वऱ्हाडी_ठेचा

अबे भाऊ, तुह्यं सोयाबीन निंगालं ना? मंग तुरीच्या दोन तासाच्या मधातून ट्रॅक्टर जाते की! सहा तास सोयाबीन अन् एक तास तूर असंन, तर अठरा इंचाच्या हिशोबानं साडेदहा फूट मोकळं रायते. हडंबा (थ्रेशर) आरामात निंगते. धर्म मंग पाहू, आंधी टेप घे.

काळी_कसदार

तास पूर्व-पश्चिम आहेत भाऊ, त्याचं वावर उत्तरेला. आडवंच कापावं लागते.

वऱ्हाडी_ठेचा

मंग देवाचीच मर्जी दिसते बाप्पा.

तलाठी_नाही_मी

आधी कायदा, मग स्वर्ग. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. शेतात जायला वाट नसेल तर तहसीलदार शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या बांधावरून रस्ता देऊ शकतात. म्हणजे "वाटच देत नाही" हे उत्तर कायम टिकेल असं समजू नका. मात्र हा रस्ता बांधावरून असतो, उभ्या पिकातून नाही.

आता गंमत पाहा. बांध त्यानंच खाल्ला. तो धुरा जागेवर असता तर आज त्याचाच थ्रेशर त्यावरून गेला असता आणि हा धागा निघालाच नसता.

धुऱ्याचं वेगळं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, फी भरा, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, खुणा दाखवून देतात आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. यात पाप कुठलं आलं?

संत्राबाग_वरुड

पाप नाही पण बायबलातलं पौलाचं पत्र, 1 करिंथ 6 वाचा. पौल म्हणतो, एकमेकांवर फिर्याद करण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही? शिष्याला हे पटायला पाहिजे. दोन तास जमीन घेऊन तो कुठं जाणार आहे? शेवटी सगळ्यांना साडेतीन हातच लागते.

तलाठी_नाही_मी

संत्राबाग, तुमच्या बागेला तारेचं कुंपण आहे का हो?

संत्राबाग_वरुड

आहे. रानडुकरासाठी.

पाळकाचा_पोरगा

थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

करिंथच्या त्या अध्यायात पौल मंडळीतल्याच, म्हणजे चर्चमधल्याच दोघांबद्दल बोलतो. भावाभावांचा तंटा बाहेरच्या न्यायाधीशासमोर का नेता, असा त्याचा राग आहे. धागाकर्त्याचा शेजारी मंडळीतला नाही, तेव्हा ते वचन इथं जसंच्या तसं बसवता येणार नाही. आणि हाच पौल प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये फिलिप्पैला काय करतो? त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचा निरोप धाडला. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांना म्हणावं स्वतः या आणि आम्हाला बाहेर काढा. त्यांना यावं लागलं. येशूचंही बघा, दुसरा गाल पुढं करा असं सांगणारा तोच. पण योहान 18 मध्ये शिपाई तोंडात मारतो तेव्हा तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? शिवी दिली नाही, हात उगारला नाही, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहिला नाही.

आता तो कोस. रोमन शिपायाला वाटेत भेटेल त्याला धरून ओझं वाहायला लावता येत असे. शिमोन कुरेनेकराला येशूचा वधस्तंभ उचलायला लावला तो असाच, शेतावरून येत होता बिचारा. ऐकणाऱ्या लोकांना हा जाच रोजचा होता, डोक्यात चीड होती. पहिला कोस त्याच्या हुकमाचा. दुसरा तुम्ही आपल्या मनानं चालता, तिथं त्याचा हुकूम संपलेला असतो. माझ्या मते सगळं इथं आहे. मनातून कुढत, "बाबाच भित्रे होते, आता मीही" असं म्हणत वाट दिली तर तो पहिलाच कोस झाला, कितीही लांब गेलात तरी.

माझे वडील यवतमाळला शिकले. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 साली तिथंच सुरू झाली, 1983 मध्ये पुण्याला गेली, हे आता यवतमाळकरांनाही आठवत नाही. वडिलांना पगार बेताचा, मंडळीचा दशमांश ज्वारीत यायचा. संध्याकाळी ओट्यावर माणसं बसलेली असायची. कोणाचा पीककर्जाचा फॉर्म, कोणाची शाळेची फी माफीची अर्जी, कोणाला मुलीच्या सासरी पत्र लिहून हवं. वडील कंदिलाजवळ बसून लिहायचे, अक्षर छापल्यासारखं. शेवटी वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "तुम्हाला हेच म्हणायचं ना?" आलेल्यांपैकी एकालाही त्यांनी चर्चला या म्हटलेलं मी ऐकलं नाही. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना ते आवडायचं नाही. म्हणायचे, पाळकसाहेब, एवढी माणसं रोज दारात येतात, साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूबद्दल सांगायची, संधी वाया जाते. वडील हसायचे आणि पुढचा कागद घ्यायचे.

तात्पुरता_नास्तिक

पाळकाच्या पोरा, वडिलांना नमस्कार. पण सगळे असे नसतात. तांदळाच्या पोत्यासोबत प्रार्थना, गोळीसोबत पत्रक, हे मी आमच्या भागात पाहिलं आहे. मागे हेतू ठेवून केलेल्या सेवेला निःस्वार्थ कसं म्हणता? आणि शेजाऱ्याला वाट देणं हा साधा शेजारधर्म आहे, त्याला "शिष्यत्व" असं जड नाव कशाला?

जुन्या_वस्तीतला

आमिषाचा विषय निघालाच आहे तर आमचा हिशोब मांडतो. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा मिशनच्या शाळेत अक्षरं मिळाली, ते खरं, नाकारत नाही. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. शिखांना 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये. ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाही. सख्ख्या चुलत घरातल्या पोराला सवलत, मला नाही, वस्ती तीच आणि लोकांची नजरही तीच. एवढं महाग आमिष कोण गिळतं?

बाकी तुमची पहिली गोष्ट मान्य. तांदळासोबत पत्रक देणारा माणूस मलाही आवडत नाही. मत्तय 6 मध्ये स्पष्ट आहे, दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. आता उजव्या हातात किट आणि डाव्या हातात मोबाईल.

वऱ्हाडी_ठेचा

अन् किटवर फोटो कोनाचा, तर देनाऱ्याचा. येशूचा तरी लावाचा होता.

गुरुदेवभक्त

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली गाडगेबाबा जन्मले. गावात आले की आधी खराटा हातात. गाव झाडून झालं की मग रात्री कीर्तन. जेवायला ठीकरी, अंगावर चिंध्या. धर्मशाळा बांधल्या पण स्वतः त्यात मालक म्हणून राहिले नाहीत. 1956 साली गेले ते अमरावतीजवळच, वाटेतच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभं केलं, तिथंही सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई एकाच रांगेत. मग ख्रिस्ती शिष्यत्वात वेगळं काय आहे? भांडायला नाही, खरंच विचारतो.

पाळकाचा_पोरगा

खराट्यात काही वेगळं नाही जी. आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा बाबांनी ते जास्त पाळलं. वेगळं असलंच तर ते का करायचं याच्या उत्तरात आहे. आम्ही मानतो की देवानं आमच्यासाठी आधी स्वतःला रिकामं केलं, आता आमच्याकडून फेड नाही, फक्त तसंच चालणं. लूक 9:23 मध्ये "दररोज" असा शब्द आहे. वर्षातून एकदा शिबिर घेऊन भागत नाही. पण धुऱ्यावर उभं राहिल्यावर दोघांनाही सारखंच जड जातं, हे कबूल.

सोनचाफा_दिग्रस

आतापर्यंत सगळे भाऊच बोलले. आता मी बोलते.

निःस्वार्थ व्हा हा उपदेश मी जन्मभर ऐकला. समोर बायकांच्या बाजूला बसलेल्या कोणालाही तो नव्यानं सांगायची गरज नसते. पहाटे उठून डबे, मग कापूस वेचायला, संध्याकाळी परत चूल. वेचलेला कापूस मोजून पैसे हातात घेतात ते भाऊ. स्वतःला विसरा म्हणजे काय, हे आम्हाला विचारा ना. आमच्याकडे पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. बारा जण बसवतात, बाराही पुरुष, त्यातले अर्धे घरून पाय साबणानं धुऊन येतात.

माझ्या सासऱ्यांना लकवा झाला. चार वर्षं खाटेवर. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, रडू तेवढं राहिलं. रोज सकाळी त्यांना कुशीवर वळवायचं, खालचं कापड ओढायचं, कोमट पाण्यानं पुसून पाठीला पावडर लावायची, नाहीतर जखमा होतात. पहिले सहा महिने मी ते दात-ओठ खाऊन केलं, लपवत नाही. मंडळीत एक बाई म्हणाली, "तुला प्रभू मुकुट देईल." मी म्हटलं, मुकुट राहू द्या, दुपारी दोन तास बसायला या म्हणजे मी झोपते. ती आली. दर मंगळवारी यायची, काही न बोलता पुसायचं कापड धुऊन वाळत घालायची. तिनं कधी साक्ष दिली नाही, तिचं नाव कुठल्या समितीत नाही.

म्हणून काळी_कसदार, तुम्ही तूर द्यायला निघालात ते ठीक. पण ती तूर कोणी पेरली, निंदली कोणी? वहिनी "देऊ नका" म्हणतात ते स्वार्थ म्हणून की आजवर प्रत्येक "जाऊ दे" ची किंमत त्यांनी भरली म्हणून? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, 1917 मध्ये मिशनचा पगारही सोडला, मोठा त्याग झाला. पण तो त्याग घरी त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या चुलीवर शिजला. तुमचा त्याग तुमच्याच खिशातून जातो आहे ना, एवढं बघा.

काळी_कसदार

ताई, याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या ताईंचा नंबर घ्या.

पुण्यातला_वऱ्हाडी

सोनचाफाताईंना एक पुरवणी. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि विधवा गोळा केल्या आणि इकडे आणल्या. पुढं केडगावला मुक्ती सदनात त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरं, छापखाना असं सगळं शिकवलं. आणि बाई स्वभावानं अजिबात पडती नव्हती. जिनं ख्रिस्ती धर्म शिकवला त्या ननबाईंशीही तिनं पत्रापत्री करून खणखणीत वाद घातला. स्वतःला देणं आणि स्वतःला पुसून टाकणं यातला फरक तिच्याकडे बघून कळतो.

मिशन_नर्स

मी वाशीमला काम केलं, आता निवृत्त. नाझरीन मंडळींचं रेनॉल्ड्स मेमोरियल तिथं 1938 पासून आहे, सगळा वऱ्हाड त्याला "मिशन दवाखाना" म्हणूनच ओळखतो. पण मला सांगायचं आहे ते कुष्ठरोगाचं. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे, आमच्या भागातले रुग्ण तिकडे जायचे.

लोकांना वाटतं कुष्ठरुग्णाची सेवा म्हणजे मोठं हृदय, डोळ्यात पाणी. प्रत्यक्षात ते बादलीचं काम आहे. पाय सुन्न झालेला असतो, काटा रुतला तरी कळत नाही, गरम वाट तुडवली तरी कळत नाही. मग रोज पाय पाण्यात भिजवायचा, निबर झालेली कातडी खरखरीत दगडानं हळू घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, तळवा उलटून नीट पाहायचा. रोज. औषधानं जंतू मरतात, ती बहुविध औषधोपचार पद्धत 1980 च्या दशकात आली आणि गोळ्या फुकट मिळतात. पण मेलेली नस परत येत नाही, म्हणून पाय आयुष्यभर सांभाळावा लागतो. आपल्याकडे 2005 च्या शेवटी देशपातळीवर निर्मूलन झालं असं जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. शून्य नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे विचारा.

आमच्या मेट्रन एक सांगायच्या, पेशंटचा पाय तुम्ही किती दिवस धुणार? त्याला स्वतःचा पाय धुवायला शिकवा आणि तो शिकेपर्यंत शेजारी बसा. मला सेवेचा हाच भाग सगळ्यात कठीण गेला. आपण हवेसे वाटणं सोडून द्यायचं.

पवित्र गुरुवारी साबणानं धुऊन येणाऱ्यांवर फार हसले, सोनचाफा. अगदी खरं आहे.

मेळघाटी

धारणीकडे या. इकडे शिष्यत्व म्हणजे रात्री दोन वाजता बाळंतपणासाठी ज्याच्याकडे गाडी आहे त्यानं चावी द्यायची आणि डिझेल विचारायचं नाही. बाकी चर्चा नेटवर्क आलं की.

सालदाराचा_नातू

हेवा वाटला मेट्रनबाईंचा. मी ख्रिस्ती नाही, पण आई तुमच्यापैकी दोन घरी मजुरीला जायची म्हणून लिहितो.

एका घरी मजुरांच्या चहाचे ग्लास बाहेर कोनाड्यात पालथे असायचे. दुसऱ्या घरी सगळ्यांना एकाच ताटलीतून कप यायचे आणि घरची म्हातारी मजूर बायांसोबत निंबाखाली बसून भाकर खायची. पहिल्या घरी भिंतीवर वचनाची पाटी मोठी होती. आई तिथं जायची बंद झाली, मजुरी जास्त मिळत असूनही.

आणि फवारणी. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते विसरू नका. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उकाडा, तोंडाला नुसता रुमाल, आणि औषधांची भलतीच मिश्रणं. विषबाधा होऊन किती तरी शेतकरी आणि मजूर दवाखान्यात गेले, काही परत आले नाहीत. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा म्हणता ना? मग फवारायला येणाऱ्याला हातमोजे, चष्मा, मास्क तुम्ही द्या, उन्हाचं आणि वाऱ्याविरुद्ध फवारू देऊ नका, आणि अंघोळीला पाणी-साबण ठेवा. तुमच्या पोराला ज्या पंपामागे उभं करणार नाही त्यामागे त्याला करू नका. धुऱ्यावरच्या माणसाशी कसं वागावं यावर इतके प्रतिसाद आले, वावरात राबणाऱ्यावर एकही नव्हता.

काळी_कसदार

हे लागलं. आमच्याकडे ग्लास एकच आहेत, पण मास्कचं खरं सांगायचं तर मजूर "नको, दम कोंडते" म्हणतात आणि आम्ही "बरं" म्हणून सोडून देतो.

सालदाराचा_नातू

दम कोंडतो म्हणूनच पहाटे फवारायची. दहाच्या आत थांबायचं. मजुरी दिवसाचीच द्यायची.

संत्राबाग_वरुड

ते शेवटचं वाक्य उपदेशात कोणी सांगत नाही.

काळी_कसदार

आज सकाळचं सांगतो.

पोराला निरोप न देता मीच त्याच्या घरी गेलो. वाट देतो म्हटलं, पण ती मी आखून देईन. ट्रॅक्टरवाल्यावर सोडलं तर तो चार जागी वळवून चार पट तूर लोळवतो. मग मी आणि बायको, दोघांनी पश्चिमेच्या टोकाला, जिथं जमीन थोडी मुरमाड आहे आणि चाक फसत नाही, तिथं आठ फुटाची पट्टी धरून तुरी उपटल्या. ओली जमीन, झाड मुळासकट येत होतं, मुळाला काळ्या मातीचा गोळा. बायकोच एका टोकाला काठी रोवून म्हणाली, "इथून पुढं नाही, एक वीतसुद्धा नाही." उपटलेलं बैलांपुढं टाकलं.

थ्रेशर गेला. पाऊस यायच्या आधी त्याची अर्धी गंजी निघाली. तो आला, पट्टीकडं पाहिलं आणि म्हणाला, "थोडं इकडून सोडलं असतं तर वळायला बरं झालं असतं."

एवढंच. आभार वगैरे काही नाही.

वऱ्हाडी_ठेचा

😂😂 हा मानूस पुढच्या साली धुऱ्यावर नाई, डायरेक तुह्या ओसरीत तूर पेरते पाय.

तात्पुरता_नास्तिक

भरपाई मागायची होती. निदान तुरीचे पैसे.

काळी_कसदार

मागावी वाटली. बायकोला विचारलं. ती म्हणाली, पैसे घेतले तर तो म्हणेल वाट विकत घेतली, आणि दरसाल येईल. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. पण धुरा सोडायचा नाही हे आमचं दोघांचं ठरलं. मोजणीचा अर्ज करतो.

संत्राबाग_वरुड

एका हातानं वाट आणि दुसऱ्या हातानं नोटीस? गाव काय म्हणेल?

जुन्या_वस्तीतला

म्हणू द्या. वाट ही काळी_कसदारची द्यायची गोष्ट होती, त्यानं दिली. जमीन एकट्याची नाही, आईची आहे, बायकोची आहे, पोरांची आहे. ती त्यानं परस्पर दान करणं हा कसला त्याग? आणि दरसाल कोरू दिलं तर शेजाऱ्याचं तरी कोणतं भलं होतं? चोरीची सवय लागते. बायबलातलं अनुवाद नावाचं पुस्तक, 19:14 वाचा, शेजाऱ्याची मेर (हद्द) सरकवू नको. 27:17 मध्ये तर शापच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

27:17 चा फ्लेक्स छापून धुऱ्यावर लाव. मोजनीची फी वाचंन.

सोनचाफा_दिग्रस

विषय जरा बदलते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे हंगाम सण. भोपळे, कोंबड्या, तुरीच्या डाळीची पायली, सगळं वेदीपुढं येतं आणि उपासनेनंतर लिलाव. गेल्या साली एका कोहळ्यावर दोन मोठ्या घरांनी चढाओढ करून बोली कुठल्या कुठं नेली. टाळ्या. मागच्या बाकावरची एक म्हातारी लुगड्याच्या गाठीत दोन अंडी घेऊन आली होती, ती कोणी बोलीला काढलीच नाहीत. यंदा आम्ही बायकांनी ठरवलं आहे, लिलावाआधी सगळ्यांचं आणलेलं एकत्र करायचं, कोणी काय आणलं ते पुकारायचं नाही. वडीलमंडळ कुरकुरतं आहे, म्हणे उत्पन्न घटेल.

मिशन_नर्स

घटू द्या. मी येते लिलावाला, ती अंडी मी घेणार.

पाळकाचा_पोरगा

काळी_कसदार, एक सुचवू? मोजणीची नोटीस त्याच्या घरी टपालानं जाऊन पडायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मत्तय 18:15, त्याच्याकडे एकट्यानं जा आणि चूक दाखव. नोटीस आधी पोचली तर त्याच्या चार माणसांत त्याचा अपमान, मग तो खुंटे उपटणारच. आधी सांगितलं तर कदाचित भांडेल, पण तोंडावर भांडेल. जमलं तर म्हणा, मोजणीच्या दिवशी तूही ये, तुझं कमी भरलं तर मी माझ्यातून सोडतो. हे म्हणायची तयारी मात्र खरी पाहिजे.

काळी_कसदार

तयारी आहे. बाबांच्या वेळी आमच्याकडूनही वखर तिकडे गेलं नसेल याची मी कुठं हमी देऊ? जाईन आणि सांगीन. बायको सोबत येते म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा

वयनीला समोर बसव. तू मांगं राय.

तलाठी_नाही_मी

अर्ज करताना ताजा सातबारा जोडा, जुना काढलेला चालवून घेत नाहीत. लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते नीट लिहा, एखाद्याला नोटीस पोचली नाही तर तो नंतर हरकत घेतो आणि सगळं पुन्हा. आणि घाई करून आत्ता तारीख मागू नका. तूर निघू द्या, वावर रिकामं असलं की खुणा दिसतात. मोजणी झाल्याच्या दिवशीच दगड रोवून घ्या, उद्यावर ठेवू नका. दगड दोघांनी मिळून रोवले तर उत्तम, खर्चही अर्धा.